जुन्या मोटारींचे वायरिंग : बिघाड, तपास आणि मतभेद

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला इंजिनाचे दुखणे बहुधा आगाऊ कळते, कारण इंजिन आपली कैफियत आवाजाने, धुराने आणि जमिनीवर पडणाऱ्या तेलाच्या डागांनी वेळोवेळी मांडीत असते; विजेच्या तारांचे मात्र तसे नाही. काल रात्रीपर्यंत यथास्थित जळणारे दिवे आज संध्याकाळी भर पावसात वाशीच्या खाडीपुलावर एकाएकी मंदावतात, हॉर्न दाबावा तर वायपर थबकतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात गाडी उभी करावी, तो सारे काही पुन्हा सुरळीत चाललेले असते. सानपाडा, तुर्भे, वाशी ह्या पट्ट्यात जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा महिंद्रांची जीप निगुतीने सांभाळणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. बिघाड शोधावा कसा, सापडल्यावर तेवढाच दुरुस्त करावा की सगळे वायरिंग उपटून नवे घालावे, आणि नवे घालताना मूळ रचनेशी कितपत इमान राखावे, ह्या तीन प्रश्नांवर त्यांच्यात आणि कारागिरांत पुष्कळ मतभेद आहेत. त्या मतभेदांची आजची स्थिती नोंदवणे, प्रत्येक पक्षाचे म्हणणे त्याच्या बळासह मांडणे आणि जे अद्याप अनिर्णित आहे ते तसे सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

मोटारीत वीज आली ती प्रथम ठिणगीपुरती. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हँडल मारून सुरू होई. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ‘सेल्फ’ म्हणतात तो, बसवला गेला, आणि तेव्हापासून बॅटरी, डायनामो, दिवे व ठिणगी ही एकाच कुटुंबात नांदू लागली. ह्या रचनेत जाण्याची वाट तांब्याच्या तारेची आणि परतीची वाट मोटारीच्या लोखंडी सांगाड्याची, हा शिरस्ता पडला. त्यामुळे निम्मी तार वाचली हे खरे. पण दिवा ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा, त्यावरचा रंग, त्यातला गंज आणि त्याला आवळणारा स्क्रू हे सर्व परिपथाचेच भाग झाले, आणि पुढल्या पिढ्यांच्या अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ ह्या काटकसरीत रुजले, असे म्हणावयास हरकत नाही.

तारांवरचे आवरण दुसऱ्या महायुद्धापर्यंत रबराचे आणि त्यावर विणलेल्या सुताचे असे. युद्धानंतर हळूहळू पीव्हीसीने त्याची जागा घेतली. पुष्कळ अमेरिकन गाड्या पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टांवर चालत. फोक्सवागनच्या बीटलने तर साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ६ व्होल्टांची साथ सोडली नाही. ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याचा रिवाज दीर्घकाळ होता व तो साठीच्या दशकात मागे पडला. इटालियन फियाटची मात्र ऋण अर्थिंगची परंपरा होती. तारा ओळखण्याच्याही दोन वहिवाटी पडल्या. लुकास ह्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत रंग बोलतात : तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशन स्विचमधून येणारी, हिरवी फ्यूजमधून पुढे गेलेली, निळी हेडलाइटची, तांबडी साइड व टेललाइटची आणि काळी अर्थची. युरोपखंडात रंगांपेक्षा टोकांवरच्या आकड्यांना मान : ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थ.

ह्या दोन्ही वहिवाटी आपल्याकडे एकाच काळात नांदल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ची पुढची रूपे तयार होऊ लागली. १९६४ साली ‘डिलाइट’ आली आणि सत्तरीच्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. दुसरीकडे उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डची, म्हणजे ब्रिटिश वंशाची. आणि १९६१ साली मद्रासजवळ पाडी येथे स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसची डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर ही सामग्री देशभरच्या गाड्यांत गेली. परिणामी मुंबईच्या कारागिराच्या हाताखाली सकाळी एका परंपरेची आणि दुपारी दुसरीची गाडी येई, व त्याचे ज्ञान छापील नकाशांपेक्षा हातात आणि स्मरणात साठत गेले. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदवली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली, आणि त्या ज्ञानाला रोज मिळणारा सरावही तिच्याबरोबर गेला. आजच्या वादांचे महत्त्व ह्या घटनेने वाढले आहे.

खाडीकाठची हवा

शोधपद्धतीकडे वळण्यापूर्वी आपल्या भागातील बिघाडांची कारणे पाहणे इष्ट, कारण इंग्रजी पुस्तकांतील पुष्कळ उपदेश थंड व कोरड्या हवेतील, वर्षाचे काही महिने गॅरेजात झाकून ठेवलेल्या मोटारींना उद्देशून आहे. सानपाडा हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. त्याभोवती सिडकोने उभारलेले विभाग ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर, खारफुटीच्या सान्निध्यात आहेत. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांतही हवेतील ओल व खार पुरती हटत नाही. तांब्याच्या तारेवर पितळी लग, त्याखाली लोखंडी पत्रा, आणि ह्या तीन धातूंच्या मध्ये खारट ओलाव्याचा थर : क्षरणाला ह्याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभेल. लगवर हिरवा कळंक चढतो, पत्र्यावर तांबडा गंज फुलतो, आणि दोहोंच्या मध्ये जो पातळ थर बसतो तो डोळ्यांना दिसत नसला तरी प्रवाहाची वाट अडवतो.

पाण्याचा दुसरा उपद्रव अधिक आतला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-नवी मुंबईतील असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरले, गाड्या वाळल्या, पुष्कळशा चालूही झाल्या. परंतु अनेक बारीक तारांनी वळलेल्या वाहिनीत पाणी केशाकर्षणाने आवरणाच्या आतून दूरवर चढते आणि तेथेच राहते. अशा वाहिनीचे आवरण वरून धड दिसते, पण सोलून पाहिल्यास आत चकचकीत तांब्याऐवजी काळवंडलेला, बोटात भुगा होणारा धागा निघतो. अशा तारेवर झाळ धरत नाही आणि आवळलेला लगही टिकत नाही.

तिसरे कारण प्राण्यांचे. सोसायटीच्या आवारात आठवडेच्या आठवडे उभी असलेली गाडी पावसाळ्यात उंदरांना कोरडा आसरा वाटते, आणि बोनेटखालील तारांचे आवरण ते कुरतडतात. चौथे माणसांचे. टॅक्सीचा मीटर, टेप, पंखा, जादा हॉर्न, धुक्याचे दिवे ह्यांपैकी प्रत्येकासाठी कोणी तरी, केव्हा तरी, हाताशी आलेल्या तारेचे आवरण सोलून तेथे नवी तार गुंडाळून वर काळी टेप फिरवलेली असते. जोडलेली तार बहुधा लाल, कारण दुकानात लाल तारेचे बंडल उघडे होते. फ्यूज वारंवार उडू लागला म्हणून त्याच्या जागी तांब्याचा धागा. कालांतराने टेप व पंखा काढून टाकला जातो, तारा तशाच राहतात. पन्नास वर्षांच्या गाडीत कारखान्याचे वायरिंग किती आणि नंतरच्या मालकांचे किती, ह्याची खातरजमा केल्याशिवाय तिचा कोणताही नकाशा विश्वसनीय नसतो, ह्या एका मुद्द्यावर सर्व पक्ष एकमत आहेत.

तपासाच्या पद्धती

बिघाड शोधण्याच्या बाबतीत स्थूलमानाने दोन संप्रदाय दिसतात. पहिला अनुभवाचा. ह्या संप्रदायातील उस्ताद लक्षण ऐकताच दोन-तीन जागा नक्की करतो, कारण एका जातीच्या शेकडो गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात. पद्मिनीचे सेल्फ लागत नाही म्हटल्यावर तो आधी बॅटरीच्या टोपणांकडे, मग इंजिनाला सांगाड्याशी जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीकडे पाहतो, आणि बहुतेक वेळा त्याचे तेथेच भागते. रात्रीतून बॅटरी उतरते अशी तक्रार असल्यास सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तो डायनामोला हात लावून पाहतो. डायनामो कोमट लागला तर डायनामो व बॅटरी ह्यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कट-आउटचे पॉइंट चिकटले आहेत आणि बॅटरी रात्रभर डायनामोतून रिती होत आहे, असे त्याचे निदान असते, व ते शास्त्राला धरून आहे. वेळ आणि पैसा दोन्ही वाचवणारी ही पद्धत आहे. तिची मर्यादा अशी की नेहमीच्या जागी दोष न सापडल्यास पुढचा तपास अंदाजाने होतो, धड असलेले भाग बदलले जातात, आणि तार सांगाड्याला टेकवून ठिणगी पाहण्यासारखे घातक उपाय केले जातात.

दुसरा संप्रदाय मापनाचा. परिपथ मध्यावर तोडावा, वीज तेथवर येते की नाही पाहावे, ज्या अर्ध्यात दोष असेल त्याचे पुन्हा दोन भाग करावे, अशा क्रमाने दोषाची सरहद्द आवळत न्यावी, हा ह्या संप्रदायाचा मंत्र आहे. जातिवंत अनुभव नसलेल्यालाही ही पद्धत हमखास उत्तर देते. परंतु तिला नकाशा हवा, सवड हवी, आणि मोजणाऱ्याला आपण नेमके काय मोजीत आहो ह्याची जाण हवी.

ही जाण नसली म्हणजे काय होते ते मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प ह्यांच्या जुन्या तंट्यात स्पष्ट दिसते. आजच्या डिजिटल मल्टीमीटरचा अंतर्गत रोध साधारणतः एक कोटी ओम असतो, म्हणजे तो तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढीत नाही. त्यामुळे कळंकाच्या एखाद्या तंतूने कशीबशी जोडलेली तारही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, आणि पाहणारा तार निर्दोष ठरवून पुढे जातो. ५ वॉटचा साधा टेस्ट लॅम्प त्याच जागी लावला तर तो सुमारे ०.४ अँपिअर मागतो, आणि वाट अरुंद असेल तर मिणमिणतो किंवा जळतच नाही. म्हणून जुने कारागीर बत्तीवर विश्वास ठेवतात, त्यात अडाणीपणा मुळीच नाही. उलट बत्तीला अर्धा व्होल्ट आणि दीड व्होल्ट ह्यांतील फरक सांगता येत नाही, हे मीटरवाल्यांचे म्हणणेही तितकेच खरे.

रोध थेट ओममध्ये मोजण्याची सवय मात्र दोन्ही पक्षांतील जाणकार त्याज्य मानतात. समजा, १२० वॉटच्या हेडलाइटांच्या जोडीच्या वाटेत एखाद्या जोडात अर्ध्या ओमचा रोध बसला आहे. मीटर अर्धा ओम दाखवील, आणि स्वस्त मीटरच्या स्वतःच्या तारांतच तेवढा असू शकत असल्याने कोणी तिकडे लक्ष देणार नाही. पण दिवे लावताच त्या जोडावर साडेतीन व्होल्टांच्या आसपास घट होते. दिव्याचा प्रकाश विद्युद्दाबाच्या प्रमाणात उतरत नसून त्याहून फार वेगाने उतरतो : दाब एक दशांशाने घटला तर प्रकाश जवळजवळ तीन दशांशांनी घटतो. साडेतीन व्होल्ट गेल्यावर दिव्यापाशी प्रकाश उरतो तो एक तृतीयांश. ह्यावर उपाय म्हणजे दिवे चालू ठेवून, म्हणजे भार असताना, जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोजणे. अर्थच्या जोडावर ०.२ व्होल्टांहून अधिक दिसल्यास तो जोड सदोष, आणि सेल्फच्या जाड केबलवर सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट क्षम्य, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझ्या मते गेल्या काही दशकांत जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत जी खरी प्रगती झाली ती ह्या एका चाचणीचा प्रसार होण्यात आहे. उस्तादाचा हात आणि नवशिक्याचा मीटर ह्यांना एकत्र आणणारी तीच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण सानपाड्याच्या पावसाळ्यात ते वारंवार पाहावयास मिळते. ब्रेक दाबला की मागचा डावा ब्रेकलाइट लागत नाही, उलट डॅशबोर्डवरचे दिवे मंद उजळतात; डावीकडे वळण्याची खूण दिली तर इंडिकेटर न लुकलुकता स्तब्ध राहतो. प्रथमदर्शनी हा तारा एकमेकींना चिकटल्याचा प्रकार वाटतो आणि डॅशबोर्ड उघडण्याची तजवीज सुरू होते. वस्तुतः दोष मागे असतो. डाव्या दिव्याच्या घरात ब्रेकचा २१ वॉटचा, टेललाइटचा ५ वॉटचा आणि इंडिकेटरचा असे सर्व तंतू एकाच अर्थवर अवलंबून असतात. तो अर्थ गंजाने तुटला की ब्रेकचा प्रवाह परतीची वाट शोधीत ५ वॉटच्या तंतूतून उलटा शिरतो, टेललाइटच्या तारेने पुढे येतो आणि डॅशबोर्डचे दिवे व उजवा टेललाइट ह्यांतून सांगाड्याला मिळतो. एवढ्या लांबच्या वाटेने आलेला प्रवाह २१ वॉटचा दिवा पेटवण्यास अपुरा, आणि उष्णतेवर चालणाऱ्या जुन्या फ्लॅशरला हलवण्यासही अपुरा. दिव्याचे पितळी घर आणि बॅटरीचे ऋण टोक ह्यांच्यामध्ये मीटर धरून ब्रेक दाबला की कित्येक व्होल्ट दिसतात, आणि पंचनामा तेथेच पुरा होतो. स्क्रू काढावा, पत्रा चकचकीत होईतो खरवडावा, त्यावर ग्रीस लावून पुन्हा आवळावा. डॅशबोर्डला हात लावण्याचे कारण उरत नाही.

शॉर्टचा शोध घेताना दोन्ही संप्रदाय जी युक्ती वापरतात तीही नोंदवण्याजोगी आहे. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडतात. शॉर्ट असेतो बल्ब पूर्ण तेजाने जळतो आणि तारेतून घातक प्रवाह जाऊ देत नाही. मग तारांचा जुडगा टप्प्याटप्प्याने हलवीत गेल्यास ज्या जागी बल्ब मंदावतो त्या जागेपाशी आवरण फाटलेले सापडते. बहुधा ती जागा बोनेटच्या मागील पत्र्यातून तारा आत जातात तेथे, रबरी ग्रोमेट झिजून गेलेल्या छिद्राच्या कडेला असते.

दुरुस्ती की नवे वायरिंग

बिघाड सापडल्यानंतरचा वाद अधिक तीव्र आहे. संपूर्ण वायरिंग बदलावे असे मानणाऱ्यांचे म्हणणे असे की चाळीस-पन्नास वर्षांत पीव्हीसीतील मार्दव निघून जाते, ते ताठर होते, आणि इंजिनाच्या उष्णतेत असलेला भाग तर वाकवताच तडकतो. आज एक जोड दुरुस्त केला तर उद्या दुसरा निघेल, आणि मालकाला प्रत्येक वेळी मजुरी पडेल. त्यातच पुष्कळशा ब्रिटिश गाड्यांत अवघे दोन फ्यूज असत व हेडलाइट आणि इग्निशन फ्यूजशिवायच जोडलेले असत; अशा गाडीत आवरण गेलेली तार सांगाड्याला टेकली म्हणजे थांबवणारे मध्ये कोणीच नाही. अग्नीच्या भयापुढे जुन्या तारांचा मोह गैर, हा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि तो सहजासहजी डावलता येणार नाही.

उलट पक्षाचे उत्तर असे की तारा मध्ये क्वचित बिघडतात, बिघडतात त्या टोकांना. लग, स्विच, फ्यूजची चिमटी आणि अर्थ एवढे स्वच्छ केले तर दहापैकी बहुतेक तक्रारी नाहीशा होतात. शिवाय नवे वायरिंग म्हणजे निर्दोष वायरिंग नव्हे. पद्मिनीसाठी कारखान्याचा माल आता मिळत नाही. जुना जुडगा फळीवर अंथरून, खिळे ठोकून, त्याबरहुकूम नव्या तारा ओढून हाताने जुडगा तयार करण्याची कला काही कारागिरांकडे आहे, परंतु त्यात मूळचे रंग क्वचितच पाळले जातात आणि तारेची जाडीही कारागिराच्या अंदाजावर राहते. १४ धाग्यांची तार सुमारे ९ अँपिअरची, २८ धाग्यांची साडेसतरा, ४४ धाग्यांची साडेसत्तावीस अँपिअरची, हा जुना ब्रिटिश हिशेब होता. तो चुकला तर नवी तारच तापते. फ्यूजबाबतही अशीच फसगत होते. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर छापलेला ३५ हा आकडा तो वितळण्याचा असून सतत वाहण्याची त्याची मर्यादा साधारण निम्मी आहे. त्याच्या जागी ३५ अँपिअरचा आधुनिक पट्टीचा फ्यूज बसवणारा मनुष्य संरक्षण वाढवीत नसून कमी करीत असतो.

मधला मार्ग म्हणून इंजिनाच्या बाजूचा जुडगा बदलावा, छताखालून व आसनांखालून मागे जाणारा, उष्णतेपासून दूर राहिलेला भाग तपासून तसाच ठेवावा, आणि नंतरच्या मालकांनी जोडलेल्या सर्व तारा प्रथम काढून टाकाव्या, असे काही जण सुचवतात. ह्यातील शेवटच्या कलमाला कोणाचाच विरोध नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वा चोरबाजारात भंगार गाड्यांचे मूळ स्विच व दिव्यांची घरे अजून मिळतात, त्यामुळे टोकांची दुरुस्ती तूर्त तरी शक्य आहे.

जोड कसा द्यावा

जोड झाळावा की लग दाबून बसवावा, हा तंटा तुलनेने लहान असला तरी जिद्दीने खेळला जातो. झाळणाऱ्यांच्या मते झाळलेल्या जोडात हवा व ओल शिरत नाही. दाबणाऱ्यांच्या मते झाळ धाग्यांत वर चढून तारेचा तेवढा भाग ताठ करते, आणि ताठ व लवचिक भागांच्या सीमेवर धक्क्यांनी तार तुटते. शिवाय आम्लयुक्त फ्लक्स वापरल्यास झाळच क्षरणाचे कारण बनते. विमान-उद्योगात दाबलेले जोड रूढ आहेत, हा त्यांचा भक्कम दाखला. परंतु तेथील जोड त्या लगसाठीच घडवलेल्या, ठरलेल्या दाबाच्या हत्याराने दिलेले असतात. आपल्याकडे लग बहुधा पकडीने चेपतात, आणि पकडीने चेपलेल्या लगच्या पोकळीत खाडीची हवा मुक्तपणे वावरते. योग्य हत्यार आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी असेल तर दाबलेला जोड श्रेष्ठ. हत्यार नसेल तर राळेच्या फ्लक्सने नीट झाळून तारेला जोडाजवळ आधार देणे अधिक विश्वसनीय. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार कोणत्याही पक्षाच्या हिशेबी जोड नव्हे.

मूळ रूप आणि नवी साधने

डायनामो इंजिन संथ चालत असता जवळजवळ काहीच वीज देत नाही. लुकासच्या सी-४० ह्या प्रचलित डायनामोची कमाल मर्यादा २२ अँपिअर. हेडलाइट, मागचे दिवे, वायपर आणि इग्निशन ह्यांचा पावसाळी रात्रीचा भारच सोळा-सतरा अँपिअरच्या घरात जातो. ह्या गाड्या घडल्या तेव्हा मोकळ्या रस्त्यावर हे गणित जमत असे. आज सायन-पनवेल महामार्गावरच्या गर्दीत, पाऊल-पाऊल पुढे सरकताना ते जमत नाही. म्हणून अल्टरनेटर बसवण्याचा पक्ष प्रबळ झाला आहे. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट मोटारीत तो मूळचाच दिला, तेव्हा ही काही परकी वस्तू नव्हे, असे हा पक्ष म्हणतो. हेडलाइटसाठी रिले बसवण्याच्या बाजूने युक्तिवाद ह्याहून बळकट आहे : जुन्या स्विचमधून दहा अँपिअरऐवजी रिलेला पुरेसा दशांश-दोन दशांश अँपिअर जातो, स्विच वाचतो, दिवे उजळतात, आणि मूळ तारा न कापता हे साधता येते.

मूळ रूपाचे कैवारी ह्यावर म्हणतात की प्रत्येक नव्या साधनाबरोबर नवे जोड येतात, आणि जोड हेच तर दुखण्याचे घर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन जाते तेव्हा पूर्वसूचना न देता जाते. पॉइंट काचकागदाने घासून रस्त्यातच पुन्हा चालू करता येतात. एलईडी इंडिकेटर बसवल्यास जुना फ्लॅशर लुकलुकत नाही, आणि जुन्या परावर्तकात एलईडी हेडलाइट घातल्यास झोत विस्कटून समोरच्याचे डोळे दिपतात. ह्या हरकती केवळ भावनिक नाहीत.

कायद्याची बाजू येथे लक्षात घ्यावी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नोंदणी शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. वाहन मूळ रूपात असावे आणि त्यात भारी फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. फेरबदलाच्या व्याख्येत सांगाडा, बॉडी आणि इंजिन ह्यांचा उल्लेख आहे, वायरिंगचा नाही. ह्या मौनाचा अर्थ कोणी मोकळीक असा लावतात, तर ‘मूळ रूप’ ह्या शब्दांत तारांचाही समावेश होतो असे इतरांचे म्हणणे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ ह्या जागतिक संघटनेने स्वीकारलेली ट्युरिन सनद, जी वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या वळणावर रचली गेली, ती फेरबदलाला सरसकट मनाई करीत नाही. तो अल्प असावा, उलटवता यावा आणि त्याची लेखी नोंद राहावी, असा तिचा आग्रह आहे. रिले ह्या कसोटीस उतरतो. मूळ तार कापून मध्ये घातलेले कोणतेही साधन, ते कितीही उपयुक्त असले तरी, उतरत नाही.

अनिर्णित प्रश्न

नोंदीचा प्रश्न पहिला. कोणती तार कोठून कोठे जाते, केव्हा बदलली, कोणत्या जाडीची घातली, ह्याचे दफ्तर गाडीबरोबर राहावे हे सर्वांना मान्य आहे; पण ते कोणी ठेवावे, मालकाने की कारागिराने, आणि गाडी विकताना ते नोंदणीच्या कागदांसोबत जावे काय, ह्याची कोणतीही वहिवाट आपल्याकडे पडलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ऑटो इलेक्ट्रिकलचे शिक्षण साहजिकच आजच्या मोटारींकडे वळलेले असल्याने डायनामोचा कट-आउट जुळवणारा हात पुढच्या पिढीत कोठून यावा, हा दुसरा प्रश्न. उस्तादाच्या शेजारी बसून त्याचे निदान लिहून घेणारा मनुष्य सध्या तरी बहुधा गाडीचा मालकच असतो.

तिसरा प्रश्न तांत्रिक असून दुरुस्ती की नवे वायरिंग ह्या मुख्य वादाचा निकाल वस्तुतः त्यावर अवलंबून आहे. जुन्या तारेच्या आवरणात आणखी किती आयुष्य उरले आहे हे ठरवण्याची सर्वमान्य चाचणी नाही. इमारतींच्या वायरिंगसाठी ५०० व्होल्टांचा मेगर वापरतात, आणि काही जण मोटारीतील सर्व उपकरणे सोडवून तोच मोटारीच्या जुडग्यालाही लावतात. इतरांचा आक्षेप असा की तो त्या क्षणीची गळती सांगतो, उद्याचा तडा सांगत नाही, आणि कोरड्या मार्च महिन्यात मिळालेला त्याचा कौल जुलैच्या ओलीत टिकेलच असे नाही. कारागिराची चाचणी साधी आहे : बोनेटखालील तारेचे एक टोक बोटाभोवती वाकवून पाहणे. आवरण तडकले तर तार गेली. पण न तडकलेल्या तारेतही त्या वाकवण्याने न दिसणारी चीर पडली असण्याचा संभव असतो, आणि अशी तार पुन्हा जुडग्यात बांधून पावसाळ्याला सामोरी पाठवावी की नाही, ह्यावर दोन अनुभवी कारागिरांचे एकमत आजही होत नाही.